मदत हवी आहे: चौथीतल्या मुलीला स्वतःचा फोन द्यावा का?

नमस्कार मंडळी. आम्ही सिडकोत राहतो, दोघेही नोकरीला. शाळा सुटली की रिक्षावाले काका लेकीला गंगापूर रोडला क्लासला सोडतात. परवा वाटेत रिक्षा बंद पडली आणि पाऊण तास ती कुठे आहे तेच कळेना. जीव नुसता टांगणीला! तेव्हापासून आजोबांचं एकच, घेऊन टाका तिला फोन. मला धास्ती यूट्यूबची. आत्ताच माझा फोन हाती लागला की ताट तसंच राहतं. व्हॉट्सॲपला 13 वर्षांची अट, तरी तिच्या मैत्रिणींचा ग्रुप आहे म्हणे. साधा बटणांचा फोन पुरेल, की सिमवालं घड्याळ बरं? गूगलचं फॅमिली लिंक, म्हणजे मुलांच्या फोनवर पालकांनी लक्ष ठेवायचं ॲप, कुणी वापरतं का? मुलं त्यातूनही पळवाट काढतात का? ज्यांनी फोन दिलाय त्यांनी खरं सांगा, पस्तावलात का?