दाढेतली जुनी चांदी : सगळी काढावी की तुटलेलीच?

मंडळी, सल्ला हवा आहे.

शनिवारी चिक्की खाताना उजव्या खालच्या दाढेत कट्ट वाजलं. खडा असेल म्हणून थुंकून पाहिलं, तर तळहातावर तांदळाच्या कणीएवढा काळपट धातू. १९९१ साली, सातवीत असताना भरलेली चांदी! तेव्हापासून जीभ त्या खाचेतून बाहेर यायला तयार नाही.

भरली तो दिवस लख्ख आठवतो. सरकारी दंत महाविद्यालयात एका शिकाऊ डॉक्टरने इवल्याशा खलात पारा आणि पूड घोटली, फडक्यात पिळून जास्तीचा पारा काढला आणि दाढेत ठासली. ठासताना ओल्या वाळूसारखी करकरत होती. 'उद्यापर्यंत या बाजूनं चावू नकोस' एवढीच सूचना. त्यानंतर आजवर एकदाही तक्रार नाही.

अशा आणखी चार दाढा आहेत. एका डॉक्टरांनी आरव्हीजी (दाताचा डिजिटल एक्स-रे) काढून सांगितलं, पाचही काढून पांढरं भरू, यात पारा असतो. दुसऱ्या मॅडम म्हणाल्या, फक्त तुटलेली बदलू. बाकीच्यांच्या कडा घट्ट आहेत, उकरलं तर चांगला दातही थोडा जाणार.

घरी येऊन वाचत बसलो. नाव चांदी, पण वजनात निम्मा पारा. उरलेल्यात चांदी, कथील, तांबं. पाऱ्याबद्दलच्या मिनामाता करारातल्या देशांनी २०२२ मध्ये पंधरा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांना ही चांदी भरायची नाही असं ठरवलं, आणि २०३४ पर्यंत तिचा वापरच थांबवायचं ठरलंय. उलट अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०२० मध्ये सांगितलं की शाबूत असलेली काढू नका, काढतानाच पाऱ्याची वाफ जास्त निघते. म्हणजे नवी भरू नका, पण जुनी काढूही नका? बायको म्हणते मी झोपेत दात खातो. त्यावर पांढरं सिमेंट टिकेल का?

प्रतिसाद : मी दंतवैद्य आहे, पण दाढ पाहिल्याशिवाय ठाम सांगणं बरं नाही. तरी मॅडमचं म्हणणं मला पटतं. कड उघडी पडली, खाली कीड दिसली किंवा दाताला भेग गेली, तरच काढावी. चावताना दुखण्यापेक्षा दाब सोडताना सणक येत असेल तर भेगेची शंका घ्या आणि तसं आवर्जून सांगा.

पांढऱ्या कॉम्पोझिटला दाढ कोरडी लागते. खड्डा हिरडीखाली गेला असेल तर लाळ-रक्ताने ते नीट चिकटत नाही. दाढेच्या भिंतीच उरल्या नसतील, त्यात तुम्ही दात खाता, तर ऑनले (दाढेचा चावायचा भाग झाकणारा, बाहेर बनवून चिकटवलेला तुकडा) किंवा कॅप बरी. रात्री घालायचा नाइटगार्डही करून घ्या. काढताना रबर डॅम (दाढेभोवती ताणून लावायचा रबराचा पातळ पडदा), भरपूर पाणी आणि मोठं सक्शन हवं. चांदीचा भुगा न करता तुकडे पाडून काढली की वाफ कमी.

आणि तो तुकडा कचऱ्यात टाकू नका, झाकणाच्या डबीत घालून डॉक्टरांकडे द्या. (सोनाराकडे नेलात तर हसेल.)

प्रतिसाद : माझी गेल्या वर्षी बदलली. माठातलं पाणीसुद्धा पंधरा दिवस झोंबत होतं, चावलं की ठणका. भरलेलं सिमेंट केसभर उंच राहिलं होतं. डॉक्टरांनी निळा कागद चावायला देऊन, डाग पडला तिथे घासलं आणि त्याच रात्री शेव खाल्ली. तेव्हा उंच वाटलं तर 'होईल सवय' म्हणून घरी बसू नका. भूल उतरायच्या आत जेवूही नका. मी स्वतःचाच गाल चावला होता.

धागाकर्ता : दोघांचे आभार. चावून सोडताना सणक येतेच आहे, आत्ता पोळीचा तुकडा घेऊन बघितलं. दुसऱ्या मॅडमकडे फोन करून 'रबर डॅम लावता का?' विचारलं. रिसेप्शनवरची मुलगी गोंधळली. मागून मॅडमच ओरडल्या, 'लावते म्हणावं!' गुरुवारी पाचची वेळ मिळाली आहे, एकाच दाढेची. तुकडा कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवलाय, तोही नेतो.