मदत हवी आहे: लॅपटॉप परत दिला तरी फुल अँड फायनलमधून ६८ हजार कापले, काय करू?

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबलाय, आधीच सॉरी.

हिंजवडीतल्या एका मध्यम साइजच्या आयटी कंपनीत मी २९ मार्च २०२१ ला लागले (तेव्हा सगळं घरूनच, लॅपटॉपसुद्धा कुरिअरने साताऱ्याला आला होता) आणि यंदा ३० जानेवारीला माझा लास्ट वर्किंग डे झाला. नोटीस पिरियड पूर्ण ९० दिवस भरला, केटी (पुढच्या माणसाला काम समजावून देणं) दिली, मॅनेजरशी भांडण नाही की काही नाही, फेअरवेल कॉलवर सगळे गोड गोड बोलले पण.

लॅपटॉपसाठी त्यांनीच कुरिअर बुक केलं. ३ फेब्रुवारीला पिकअपवाला घरी आला, मी लॅपटॉप, चार्जर, हेडसेट, आयकार्ड सगळं एका खोक्यात भरून दिलं. बबल रॅप कमी पडला म्हणून बाबांनी जुन्या गोधडीचा तुकडा कापून आत घातला (हसू नका, दुकान बंद होतं). भरताना फोटो काढले, लॅपटॉप चालू असलेला एक फोटो आहे, चार्जरचा आहे, व्हिडिओ काढायचं मात्र सुचलं नाही. ५ तारखेला ट्रॅकिंगवर डिलिव्हर्ड दिसलं, मी विषय संपला म्हणून ९ तारखेला नवीन जॉबला हजर पण झाले.

आणि १९ फेब्रुवारीला मेल आला की स्क्रीनला क्रॅक आहे, चार्जर आणि हेडसेट मिळालेच नाहीत. सोबत एफएनएफ (फुल अँड फायनल, म्हणजे नोकरी सोडतानाचा शेवटचा हिशोब) शीट: जानेवारीचा पगार (तो त्यांनी रिझाइन केल्यावर होल्ड केला होता) हातात येणारा ६६,०००, लीव्ह एनकॅशमेंट (उरलेल्या रजांचे पैसे) १४,०००, म्हणजे ८०,०००. त्यातून लॅपटॉप रिप्लेसमेंट ६२,०००, चार्जर ३,५००, हेडसेट २,८०० वजा. हातात ११,७००. वर एक फॉर्म, त्यात "माझा कंपनीकडे कोणताही क्लेम उरलेला नाही" असं लिहिलंय, त्यावर सही केली तरच रिलिव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र). नवीन ऑफिसला ते लेटर मार्चअखेर द्यायचंय.

माझा ऑफिस मेल बंद झालाय त्यामुळे जुने मेल काही हातात नाहीत. बाबा म्हणतात सोडून दे, कोर्टकचेरी आपल्याला जमायची नाही. पण महिन्याभराचा पगार असा कसा सोडून देऊ? कोणी यातून गेलंय का?

पेठेतला_पुणेकर: चार वर्षं दहा महिने जुना लॅपटॉप आणि ६२ हजार! जुन्या बाजारात त्या किमतीत दोन येतील, वर गोधडीपण मिळेल.

एचआरवाली_ताई: मी पंधरा वर्षं एचआरमध्ये काढलीत, आता बाहेर पडलेय म्हणून मोकळेपणाने सांगते. परत आलेले लॅपटॉप आयटी रूमच्या कोपऱ्यात थप्पी लावून पडलेले असतात, आठवड्याने पंधरवड्याने कोणीतरी मोकळं होतं तेव्हा उघडतं, आणि चार्जर सगळे एका मोठ्या खोक्यात जातात, कोणाचा कुठला देव जाणे. तेव्हा तुझा चार्जर "मिळाला नाही" याचा अर्थ बहुतेक वेळा "त्या खोक्यात आहे आणि शोधायला कोणाला वेळ नाही" एवढाच असतो. त्यांना मेलवर साधे प्रश्न विचार: पार्सल कोणत्या तारखेला उघडलं, कोणी उघडलं, उघडताना फोटो काढले का, गेटवर किंवा रिसेप्शनला घेताना खोकं फाटलेलं दाबलेलं होतं असा शेरा मारलाय का. ५ ला पोचलं आणि १९ ला क्रॅक दिसला, मधले चौदा दिवस लॅपटॉप कोणाच्या ताब्यात होता हे त्यांना सांगू दे. आणि हो, त्या फॉर्मवर सही अजिबात करू नकोस सध्या.

धागाकर्ती: ताई खूप खूप धन्यवाद. हे तारखांचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मी आपली चार्जर नक्की टाकला ना यावरच रात्रभर विचार करत बसले होते.

वाकडेवाडीचा_वारकरी: माझा अनुभव, २०२३ चा. मी पण असाच एफएनएफसाठी वाकडेवाडीच्या कामगार आयुक्त कार्यालयात चकरा मारल्यात (नाव तिथूनच पडलं). तेव्हा पेमेंट ऑफ वेजेस अ‍ॅक्टला महिना २४,००० पगाराची मर्यादा होती, त्यामुळे आयटीवाल्यांना तिथे फारसा थारा नसायचा, "तुम्ही वर्कमन (कायद्याच्या व्याख्येतले कामगार) आहात का" यावरच गाडी अडायची. आता चित्र बदललंय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही लेबर कोड (नवीन कामगार कायदे) लागू झालेत आणि त्यातल्या पगाराच्या वेज कोडमध्ये ती मर्यादाच नाही, एम्प्लॉयीच्या व्याख्येत मॅनेजरसुद्धा येतो. तुमच्या कामाची कलमं लिहून घ्या. १७: राजीनामा दिला तरी दोन कामाच्या दिवसांत पगार द्यायचा. म्हणजे तुमचा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच यायला हवा होता, लॅपटॉप येवो न येवो. १८: काय काय कापता येतं त्याची यादी, आणि सगळं मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर कापता येत नाही. तुमचे तर ६६ मधून ६८ कापलेत! २१ सगळ्यात महत्त्वाचं: वस्तूचं नुकसान झालं म्हणून कापायचं असेल तर झालेल्या नुकसानापेक्षा जास्त कापायचं नाही, आणि आधी कर्मचाऱ्याला आपली बाजू मांडायची संधी द्यायला लागते. तुम्हाला शीट पाठवायच्या आधी काही विचारलं होतं का?

धागाकर्ती: नाही हो दादा, शीट आणि आरोप एकाच मेलमध्ये आले.

वाकडेवाडीचा_वारकरी: मग तिथेच त्यांची बाजू लंगडी पडते. कलम ४५ खाली क्लेम टाकता येतो, मुदत तीन वर्षं आहे त्यामुळे घाबरून आज सही करायची गरज नाही. अधिकारी मूळ रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो. देतोच असं नाही, पण मेलमध्ये हे कलम आलं की लीगलवाले एचआरला फोन करतात एवढं नक्की.

सिंहगड_रोड_ट्रॅफिक: थोडं उलट बाजूने बोलतो, राग नको. पॅकिंग तुम्ही केलंय, कंपनी म्हणणार की गोधडीत गुंडाळलेला लॅपटॉप फुटणारच. नुकसान तुमच्या निष्काळजीपणामुळे झालं तरच कापता येतं हे खरं, पण निष्काळजीपणा ठरवताना पॅकिंगचा विषय निघणारच, तेव्हा त्यांनी पॅकिंगच्या काही सूचना पाठवल्या होत्या का, खोकं पाठवलं होतं का ते बघून ठेवा.

धागाकर्ती: खोकं नाही पाठवलं. पर्सनल मेलवर आलेला पिकअपचा मेल आत्ता परत वाचला, त्यात फक्त "प्लीज कीप द असेट रेडी" एवढंच आहे. आणि पावतीवर वजन ३.१ किलो लिहिलंय, याचा काही उपयोग?

एचआरवाली_ताई: आहे ना! कुरिअरकडून डिलिव्हरीच्या वेळचं वजन माग. दोन्हीकडे सारखं असेल तर वाटेत काही गेलं नाही, मग राहिलं ते तुझं घर नाहीतर त्यांची आयटी रूम. तुझ्याकडे चार्जरचा फोटो आहेच.

पेठेतला_पुणेकर: गोधडीचं वजन वेगळं करून घ्या म्हणजे झालं.

लेजर_बुक: मी सीए आहे, कायद्याचं वरच्यांनी सांगितलंच, मी फक्त ६२ हजारांवर बोलतो. कंपनीज अ‍ॅक्ट २०१३ च्या शेड्यूल दोनमध्ये लॅपटॉप डेस्कटॉपचं आयुष्य तीन वर्षं धरलंय (सर्व्हरचं सहा) आणि शेवटी उरणारी किंमत साधारणपणे मूळ किमतीच्या ५ टक्क्यांच्या वर धरत नाहीत. २०२१ चा लॅपटॉप २०२४ मध्येच त्यांच्या पुस्तकात संपलाय. मूळ किंमत किती होती माहितीये?

धागाकर्ती: जॉइनिंगच्या असेट फॉर्मचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर सापडला!! मी तेव्हा माझ्या मोठ्या बहिणीला पाठवला होता नवीन लॅपटॉप आला म्हणून. सिरियल नंबर आहे आणि किंमत ७८,००० लिहिलीये.

लेजर_बुक: भारी. ७८,००० चे ५ टक्के म्हणजे ३,९००. ज्या वस्तूची किंमत कंपनी स्वतःच्या बॅलन्सशीटमध्ये एवढीच दाखवते तिचे तुमच्याकडून ६२,००० घेणार म्हणजे नुकसानभरपाई नाही, नवीन लॅपटॉपची वर्गणी झाली. आता ते म्हणतील बुक व्हॅल्यू वेगळी आणि वापरायची किंमत वेगळी, त्यात थोडं तथ्य आहे, चालू मशीन तीन हजाराला कोणी देत नाही. म्हणून तुम्ही दोन गोष्टी मागा, असेट रजिस्टरमधली त्या सिरियल नंबरची नोंद आणि स्क्रीन दुरुस्तीचं बिल. क्रॅक स्क्रीनला आहे ना, मग अख्खा लॅपटॉप कशाला लावताय. आणि एक सांगा, बेसिक पगार किती होता?

धागाकर्ती: ३०,०००. का?

लेजर_बुक: कारण तुम्ही सगळे लॅपटॉपवर भांडताय आणि मोठी रक्कम शीटमध्येच नाही. २९ मार्च २०२१ ते ३० जानेवारी, म्हणजे चार वर्षं दहा महिने. ग्रॅच्युइटीला (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) पाच वर्षं लागतात, पण पाचव्या वर्षात २४० दिवस भरले (आठवड्याला पाच दिवस काम असेल तर १९०) तर ते वर्ष पूर्ण धरायचं असा मद्रास हायकोर्टाचा निकाल आहे. महाराष्ट्रात तो बंधनकारक नाही आणि कंपन्या आपणहून देत नाहीत, पण मागायला काय जातंय. ३०,००० भागिले २६ गुणिले १५ गुणिले ५, म्हणजे ८६,५३८ रुपये. आता कळलं तो नो क्लेमचा फॉर्म कशाला?

धागाकर्ती: अरे देवा. मला एचआरने एक्झिट इंटरव्ह्यूत सांगितलं होतं पाच वर्षं झाली नाहीत, तुला लागू नाही, आणि मी हो म्हणून मोकळी झाले.

वाकडेवाडीचा_वारकरी: सगळं फोनवर झालं ना? इथून पुढे फोन बंद. फोन आला तर नम्रपणे ऐका आणि दहा मिनिटांत "आपलं बोलणं असं झालं" म्हणून मेल टाका. मेलला उत्तर नाही आलं तर तेच पत्र कंपनीच्या रजिस्टर्ड पत्त्यावर स्पीड पोस्टने, पोचपावतीसकट. रजिस्टर एडी शोधत बसू नका, २०२५ मध्ये ती सेवा स्पीड पोस्टमध्येच घातलीये, मी मागच्या महिन्यात काउंटरवर वाद घालून आलो मग कळलं.

एचआरवाली_ताई: रिलिव्हिंग लेटरची फार धास्ती घेऊ नकोस. नवीन कंपनीच्या एचआरला आजच खरं काय ते सांग, लपवू नकोस. राजीनामा स्वीकारल्याचा मेल, शेवटच्या तीन महिन्यांच्या पे स्लिप आणि पीएफची सर्व्हिस हिस्टरी यावर बऱ्याच जागी काम भागतं, असली भानगड त्यांनी पण पाहिलेली असते. पीएफमध्ये डेट ऑफ एक्झिट टाकलीये का ते बघ, नसेल तर शेवटचं काँट्रिब्युशन जमा होऊन दोन महिने झाले की पोर्टलवर स्वतःच टाकता येते, त्यासाठी यांच्या पाया पडायला नको.

धागाकर्ती (अपडेट, अकरा दिवसांनी): सगळ्यांना सांगायचंच होतं पण नवीन ऑफिसात श्वास घ्यायला वेळ नाही. तुम्ही सांगितलं तसा एकच मेल केला, कलमं टाकली, फोटो, पावती, असेट फॉर्म जोडला, शेवटी सात दिवसांत उत्तर नाही आलं तर कलम ४५ खाली अर्ज करेन असं लिहिलं. चौथ्या दिवशी फोन, "मॅडम तुम्ही आमच्या फॅमिलीचाच पार्ट आहात, हे असं मेलवर कशाला". मी म्हटलं सर मेलवरच बरं पडतं. मग नवीन शीट आली. चार्जर सापडला म्हणे! हेडसेटची ओळ गुपचूप गायब. आणि लॅपटॉपचे ६२,००० जाऊन "स्क्रीन रिपेअर ११,२००" आलंय, जोडलेला कागद बिल नाही, कोटेशन आहे. ग्रॅच्युइटीवर अक्षर नाही. पण नो क्लेमचा फॉर्म आहे तसाच. नवीन एचआरने ताई म्हणाल्या तसं त्या कागदांवर चालवून घेतलंय, त्यामुळे लेटरची टांगती तलवार गेली.

आता प्रश्न असा की ११,२०० मान्य करू का?

लेजर_बुक: कोटेशन म्हणजे खर्च नव्हे. पाच वर्षं जुन्या मशीनला ११ हजारांची स्क्रीन कोणी बसवत नाही, स्क्रॅपमध्ये जाणार ते. मी असतो तर बिल मागितलं असतं.

पेठेतला_पुणेकर: मी असतो तर लॅपटॉपच परत मागितला असता. ११,२०० घेताय ना, मग वस्तू द्या.

सिंहगड_रोड_ट्रॅफिक: मला वाटतं घ्या आणि मोकळ्या व्हा, पॅकिंगचा मुद्दा उगाच उकरला गेला तर लांबेल. फॉर्ममध्ये मात्र "ग्रॅच्युइटीचा हक्क राखून, कपात मान्य नसताना" असं हाताने लिहून मग सही करा, कोरी सही नको.

धागाकर्ती: तसंच केलं. खरं सांगायचं तर ११ हजारांसाठी अजून भांडायची ताकद नाही, तेवढ्यापुरते बाबा जिंकले. हाताने ओळ लिहून सही केली, स्कॅन पाठवला, तिकडून दोन दिवस काही आवाज नाही आणि आज सकाळी ६८,८०० जमा. ग्रॅच्युइटीचा अर्ज कालच स्पीड पोस्टने टाकलाय, द्यायची मुदत ३० दिवस असते असं वाचलं, कॅलेंडरवर खूण करून ठेवलीये. नाही म्हणाले तर वारकरी दादा, वाकडेवाडीला कुठल्या मजल्यावर जायचं ते विचारायला इथेच येईन.

वाकडेवाडीचा_वारकरी: या की. सकाळी अकराच्या आत या, आणि सगळ्याच्या दोन झेरॉक्स आणा, तिथे जवळपास मशीन शोधण्यात माझा अर्धा दिवस गेला होता.