टिनाच्या खोलीत उन्हाळा काढलेल्या स्किन्स वाचतील का? (फेब्रुवारीत बर्फातल्या कोठ्यात मुक्काम)

संत्रापट्टा (चांदूर बाजार तालुका)
फेब्रुवारीत आम्ही चौघं गुलमर्गहून स्प्लिटबोर्डवर (चढताना उभे दोन भाग करून स्कीसारखा वापरायचा स्नोबोर्ड) चढून गुज्जर गुराख्यांच्या एका लाकडी कोठ्यात दोन रात्री राहणार आहोत. मालकाची परवानगी घेतली आहे. बोर्ड आणि स्किन्स (चढताना घसरू नये म्हणून बोर्डाच्या तळाला चिकटवायच्या केसाळ पट्ट्या) मात्र मार्चपासून टिनाच्या खोलीत, पिशवीतच पडून होत्या. आता स्किन उकलली की गोंद पाकासारखी तार धरतो आणि बोर्डाच्या तळाला पिवळे ठिपके सोडतो. कडांवर गंजही आहे. नव्या घ्याव्यात की याच दुरुस्त होतील? मोच्याकडचं सोल्युशन चालेल का? आणि इंधन किती धरावं? तिथं पाणी नाही, बर्फच वितळवायचा आहे.

काळीमाती
भाऊ, सोल्युशन अजिबात नको. ते कायमचं जोडायला असतं. माथ्यावर स्किन ओढली की त्याचे लचके तळाला राहतील आणि बोर्ड घसरणारच नाही. स्किनच्या गोंदाला कडाक्याच्या थंडीत चिकटायचंही असतं आणि सुटायचंही.

आधी परीक्षा घ्या. स्किनचं टोक वीतभर स्वतःवर दुमडून दोन तास फ्रीजरमध्ये ठेवा आणि काढल्याबरोबर उकला. गोंद दोन्हीकडे जागेवर राहिला तर वरचाच थर बिघडलाय. त्यावर बेकिंगचा कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवली की तो सपाट होतो. एका बाजूचा गोंद उपटून दुसरीकडे गेला, किंवा धरलाच नाही, तर सगळा काढावा लागेल.

काढायला खाकी कागद वापरा. गोंदावर कागद, त्यावर मध्यम आचेची इस्त्री, आणि कागद गरम असतानाच ओढायचा. तीन-चार कागदांत बहुतेक गोंद निघतो, उरलेला प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. मग स्किनसाठीचाच गोंद ब्रशने, पातळ दोन-तीन थरांत. दोन थरांमध्ये पंधरा-वीस मिनिटं आणि शेवटच्या थरानंतर पूर्ण एक दिवस. घाईत एकच जाड थर दिला तर तो वरून सुकतो, आत ओला राहतो आणि पुन्हा अशीच तार धरतो. काम ओसरीत करा, वास डोक्यात जातो.

तळावरचे ठिपके वॅक्स काढायच्या द्रावणाने पुसून नवं वॅक्स द्या. गंज कूलरच्या ओलीचा असणार. बारीक पॉलिश पेपर कडेच्या लांबीनेच फिरवा, आडवा नको.

वर गेल्यावर खरा घात गोंदावर बर्फ बसला की होतो. स्किन काढली की झटकून थेट जॅकेटच्या आत घाला, पाठपिशवीत नाही. आणि प्रत्येकाने सायकलच्या ट्यूबच्या हातभर लांब चार पट्ट्या ठेवा. शेपटीकडून स्किन सुटली तर बोर्डासकट आवळून बांधता येते.

चुलीपाशी
इंधनाचा हिशोब: ताजा भुसभुशीत बर्फ दहा लिटर घेतला तर पाणी जेमतेम एक लिटर. ते उकळेपर्यंत साधारण 30 ग्रॅम गॅस जातो, वारा लागला तर जास्त. माणशी रोज साडेतीन-चार लिटर पाणी लागतंच. म्हणजे दोघांना दिवसाला 230 ग्रॅमचा एक डबा. तुम्हा चौघांना दोन रात्रींसाठी चार, आणि वादळात अडकलात तर म्हणून वर दोन.

डब्यावर नुसतं ब्यूटेन लिहिलं असेल तर घेऊ नका. शून्याच्या आसपास त्याची वाफच होत नाही, शेगडी फुरफुरून विझते. आयसोब्यूटेन-प्रोपेनचं मिश्रण हवं. रेल्वेत गॅस नेता येत नाही, त्यामुळे डबे काश्मिरातच घ्या, पण आधी फोन करून मिळतात का ते पक्कं करा.

पातेल्यात आधी कपभर पाणी घाला, मग थोडा थोडा बर्फ. कोरडा बर्फ दाबून भरला तर तळाशी पोकळी होऊन पातेलं करपतं आणि पाण्याला तो वास राहतो. शेगडी पेटली असताना दार बोटभर तरी उघडं हवं, नाहीतर आत विषारी वायू साचतो. सगळ्यांचं डोकं एकदम दुखायला लागलं तर तो उंचीचाच त्रास आहे असं समजत बसू नका, आधी बाहेर या. आणि रात्री फावडं आत घ्या, सकाळी दार बर्फाने बुजलेलं असू शकतं.

रानवाट
स्किन्सइतकंच उन्हाने ट्रान्सीव्हरचं (बर्फात गाडलेल्याला शोधायला अंगावर बांधायचं रेडिओ यंत्र) होतं. सेल आतच राहिले असतील तर कप्पा आज उघडा. अल्कलाइन सेल पाझरले की संपर्कपट्ट्यांवर पांढरी-हिरवी पूड दिसते. तशी दिसली तर ते यंत्र तपासून घेतल्याशिवाय नेऊ नका. नवे अल्कलाइन सेल घाला, रिचार्जेबल नको, कारण त्यांचा उरलेला चार्ज यंत्राला नीट मोजता येत नाही. सगळी यंत्रं 457 किलोहर्ट्झवरच चालतात, त्यामुळे कंपनी वेगवेगळी असली तरी अडत नाही. मोबाइल मात्र शोध घेताना अर्धा मीटर लांब, शक्यतो बंदच.

गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर वाचण्याची आशा मोठी, पुढे ती झपाट्याने घसरते. म्हणून प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडं चौघांकडेही हवं. गावाबाहेरच्या मोकळ्या वावरात यंत्र पुरून शोधायचा सराव करा. चालू यंत्र प्लास्टिकच्या डब्यात घालून पुरायचं आणि पुरणाऱ्याने शोधायचं नाही.

हिमस्खलनाचं बुलेटिन डीजीआरई (संरक्षण खात्याची संशोधन संस्था) काढते, ते निघायच्या सकाळी वाचा. मोठ्या बर्फवृष्टीनंतर किमान दोन दिवस 30 अंशांपेक्षा तीव्र उतारावर जायचं नाही आणि त्याच्या पायथ्याशी थांबायचंही नाही.

दोन गोष्टी इकडच्यांना ठाऊक नसतात. आपलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भारतात परवान्याशिवाय बेकायदेशीर आहे, विमानतळावरच अडवतात.

संत्रापट्टा
फ्रीजरची परीक्षा केली. एका बाजूचा गोंद पूर्ण उपटला, म्हणजे सगळाच काढतो. पुढच्या उन्हाळ्यात स्किन्स ठेवायच्या कुठे?

काळीमाती
गोंद गोंदाला चिकटू नये म्हणून मधली जाळी लावून, हवाबंद पिशवीत, फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात. बाहेर काढल्यावर गार पिशवी लगेच उघडू नका, दोन तास तशीच राहू द्या, नाहीतर हवेतली ओल गोंदावर बसते.