सहा वाइन, एक बैठक: क्रम कसा लावावा आणि जुनी बाटली कशी हाताळावी?

द्राक्षमळा:
शनिवारी संध्याकाळी पुण्यात घरीच आठ जणांची वाइन चाखायची बैठक आहे. बाटल्या अशा: नाशिकची ब्रूट (गोड नसलेली, फेसाळ) स्पार्कलिंग, मागच्या हंगामातली शेनिन ब्लाँ (व्हाइट), दोन वर्षांची शिराझ (रेड), २०१८ची शिराझ रिझर्व्ह, स्पेनमधल्या रिओहाची रेड ग्रान रेझेर्वा २०११ आणि शेवटी लेट हार्वेस्ट (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, गोड) शेनिन. फ्रिज एकच, एसी नाही, खोली तिशीच्या आसपास. तरुण वाइन आधी द्यावी की जुनी? कोणती किती आधी उघडायची? आणि २०११ची बिघडलीय की तिची चवच तशी आहे, हे ओळखायचं कसं?

कोरा_चहा:
क्रम नंतर, आधी तापमान. 'रेड रूम टेम्परेचरला' हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा, म्हणजे १६ ते १८ अंशांचा. तीस अंशांवर शिराझमधून आधी स्पिरिटचाच वास नाकात जातो आणि फळ मागे पडतं. उलट फ्रिजमधून थेट ओतलेल्या शेनिनला पेरूचा, लिंबाच्या सालीचा वास जवळजवळ येतच नाही.

'रेड अर्धा तास फ्रिजमध्ये' हेही २२ अंशांच्या खोलीसाठी ठीक. तिशीतली बाटली १८ वर यायला फ्रिजमध्ये दीड-पावणेदोन तास लागतात. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी घालून दहा-बारा मिनिटं बुडवा. नुसता बर्फ नको, तो काचेला नीट लागत नाही. स्पार्कलिंग ६ ते ८, शेनिन १० आणि रेड १५-१६ला ओता. ग्लासात ती आपसूक दोन-तीन अंश चढते.

मापाचं म्हणाल तर बाटली ७५० मिलीची. उघडल्याबरोबर ३७५ मिलीची छोटी बाटली काठोकाठ भरून बूच लावून फ्रिजमध्ये टाका. वर हवा न राहिल्याने तीन-चार दिवस छान टिकते. उरलेल्यात आठ जणांना ४५ मिली येतात, चाखायला तेवढं पुष्कळ. स्पार्कलिंगला मात्र हे करू नका, फेस मरतो. सहा वाइनचे माणशी २७० मिली होतात, तेव्हा थुंकायला स्टीलचे पेले ठेवा आणि गाडी चालवणाऱ्याने ते खरोखर वापरावेत.

ओकचं_पिंप:
माझ्या मते रिओहा दोन्ही शिराझच्या आधी. तिथल्या नियमाने ग्रान रेझेर्वा रेडला किमान पाच वर्षं मुरवावं लागतं, त्यातली किमान दोन पिंपात. त्यात बाटलीतली पुढची वर्षं धरा, म्हणजे तुरटपणा बराच विरघळलेला असणार. सुकं अंजीर, तंबाखूचं पान, चामडं असे हलके वास उरतात. शिराझने हिरड्या एकदा आवळल्या (जास्त उकळलेल्या कोऱ्या चहासारख्या) की त्यावर ही पाणचट लागते आणि दोष उगाच बाटलीला जातो. शिराझ दोन्ही शेजारी-शेजारी द्या, आधी २०१८ची. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून कडा बघा: तरुण वाइनची जांभळट, जुनीची विटकरी होत गेलेली.

आपल्याकडच्या लेबलवरच्या 'रिझर्व्ह'ला तसं वयाचं बंधन नाही, म्हणून शब्दापेक्षा वर्ष बघावं.

खायला साधा पाव आणि पाणी. फरसाण, लसणाची चटणी शेवटच्या ग्लासानंतर. उदबत्ती आणि मोगऱ्याचा गजरा त्या संध्याकाळी शेजारच्या खोलीत!

तळातला_गाळ:
क्रमाबद्दल सहमत. पण स्पार्कलिंग आणि शेनिननंतर दहा मिनिटं थांबा, मगच रिओहा.

ती बाटली गुरुवारीच फ्रिजमध्ये उभी करा, गाळ तळाशी बसेल. शनिवारी दीड तास आधी न हलवता बाहेर काढा. बादलीत बुडवू नका, गाळ उठतो. जुनं बूच मळसूत्राने तुटतं, म्हणून दोन पात्यांचा ओपनर बरा. पाती बूच आणि काच यांच्या मधून डोलवत खाली घालायची आणि फिरवत वर ओढायचं. मग मानेखाली मोबाइलचा टॉर्च ठेवून एका दमात जगमध्ये ओता. गाळाची काळी रेघ मानेपाशी आली की थांबा, तळाचे ४०-५० मिली सोडून द्या. वर सांगितलेली छोटी बाटली भरायची असेल तर ती या जगमधून. हे सगळं वाढण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी. तासन्‌तास हवा दिली तर आहे तो वासही उडेल. तरुण शिराझ मात्र तासभर जगमध्ये राहू द्या, २०१८ला अर्धा तास पुरे.

बिघाड असा ओळखा. ओल्या पुठ्ठ्याचा, गोणपाटाचा वास येत असेल आणि फळ गायब असेल तर बुचाचा दोष. हवेने तो जात नाही, उलट वाढतो. कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास आणि चव सपाट, म्हणजे हवा शिरलीय. मुरांब्यासारखी शिजलेली चव आणि बूच वर सरकलेलं, म्हणजे उन्हाळ्यात माळ्यावर तापलेली. सुक्या फळाचा वास हा दोष नव्हे. फरक आंबटपणात: घोट घेतल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटलं तर वाइन जिवंत आहे.

फिरकीच्या झाकणाच्या बाटलीला उकडलेल्या अंड्याचा वास आला तर जगमध्ये जोरात घुसळा. तरीही राहिला तर एका ग्लासात घासलेली तांब्याची पळी अर्धा मिनिट फिरवून काढा. वास गेला तर तो गंधकाचाच होता, बाटली फेकू नका.

द्राक्षमळा:
सगळ्यांचे आभार. बाटली आत्ताच उभी केली. एकच राहिलं: शेनिन फ्रिजमध्ये होती, तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे कण दिसतायत. परत करू का?

तळातला_गाळ:
नको. द्राक्षातल्या टार्टरिक आम्लाचा क्षार थंडीने खडा धरतो. चिंचेतही हेच आम्ल असतं. निरुपद्रवी आहे, फक्त शेवटचा घोट हळू ओता. हाताला धारदार लागले तरच काच समजा. हे खडे चिमटीत चुरडतात.