मदत हवी आहे: दोन अधातूंचा बंध सहसंयुज, मग अ‍ॅसिडमध्ये एलईडी का पेटला?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, टॉवेल कारखान्याच्या डाय हाऊसमध्ये, म्हणजे रंगाई खात्यात, कामाला. मीठ, सोडा, अ‍ॅसिड रोज हाताखालून जातं, पण कशात कुठला बंध हे दहावीनंतर मला कुणी विचारलं नव्हतं. आता भाचीने विचारलंय आणि माझी बोलती बंद.

रविवारी गच्चीवर ९ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी आणि पेन्सिलीच्या दोन शिसांचा टेस्टर केला. पहिला घोळ पाण्यानेच घातला. बोअरच्या पाण्यात काही न टाकताच एलईडी मिणमिणायला लागला! एवढे क्षार. शेवटी इन्व्हर्टरसाठी आणलेलं डिस्टिल्ड वॉटर घेतलं. साखर टाकली, अंधार. मीठ टाकलं, लख्ख.

इथवर मामाची अब्रू शाबूत होती. सोडियम पहिल्या गणातला, बाहेरचा एकुलता इलेक्ट्रॉन देऊन मोकळा होतो. क्लोरीन सतराव्या गणातला, त्याला अष्टकाला, म्हणजे बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन व्हायला, एकच कमी. देवघेव झाली, आयन म्हणजे विद्युतभार असलेले कण झाले, पाण्यात सुटे झाले. साखरेत सगळे अधातू इलेक्ट्रॉनच्या भागीदारीत (हाच सहसंयुज बंध), रेणू अख्खाच विरघळतो.

मग फरशीच्या अ‍ॅसिडचे, म्हणजे हायड्रोक्लोरिकचे, चार थेंब दुसऱ्या ग्लासात टाकले. पुन्हा लख्ख. भाची म्हणते, "मामा, हायड्रोजन अधातू, क्लोरीनही अधातू. पुस्तकात सहसंयुज लिहिलंय. मग आयन आले कुठून?" पुस्तक चुकलं की टेस्टर?

— — —

प्रतिसाद १: दोन्ही बरोबर आहेत. हायड्रोजन क्लोराइड वायू असतो तेव्हा सहसंयुजच. फक्त भागीदारी सारखी नाही. विद्युतऋणता, म्हणजे इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढायची ताकद, क्लोरीनची ३.१६, हायड्रोजनची २.२०, त्यामुळे इलेक्ट्रॉनची जोडी क्लोरीनकडे सरकलेली. पाण्यात शिरल्यावर पाण्याचा ऑक्सिजन तो हायड्रोजन, इलेक्ट्रॉन मागे ठेवून, आपल्याकडे ओढून घेतो. हायड्रोनिअम (पाण्याचा रेणू अधिक तो हायड्रोजन) आणि क्लोराइड आयन तयार होतात. मिठात आयन आधीपासून असतात, म्हणून ८०१ अंशांना वितळवलेलं मीठ पाण्याशिवायही वीज वाहून नेतं. हायड्रोजन क्लोराइड टोल्युइनमध्ये (पाण्यासारखा हायड्रोजन ओढून न घेणारा द्रव) विरघळवला तर एलईडी पेटणार नाही. परीक्षेत "जलीय द्रावणात आयनीभवन होते" हे शब्द हवेतच.

आणि दादा, बॅटरी फार वेळ जोडून ठेवू नका. मीठ असो की अ‍ॅसिड, धन टोकाशी क्लोरीन वायू सुटतो. गच्चीवर केलंत ते शहाणपण.

— — —

मूळ धागाकर्ता: आभारी आहे ताई. तरीच जलतरण तलावासारखा वास येत होता! आमच्याकडे रिअ‍ॅक्टिव्ह रंगात आधी मीठ आणि मग सोडा घालतात. सोड्याने कापसाशी रंगाचा सहसंयुज बंध जुळतो आणि रंग पक्का होतो, हे मास्तर सांगायचे. तो शब्द इतकी वर्षं नुसता ऐकत होतो.

भाचीला तुमचं उत्तर वाचून दाखवलं. ती लिंबू कापून परत गच्चीवर गेलीय. लिंबाच्या रसात एलईडी लागतो, पण मंद. तोही अ‍ॅसिडच ना? मग मंद का?