मदत हवी आहे : कोळशाची वाहतूक, निवळी–जयगड रस्ता आणि रेल्वेजोडणी

नमस्कार मंडळी. रत्नागिरी तालुक्यातील निवळी–जयगड रस्त्यालगतच्या आमच्या गावातर्फे जयगड बंदरातील कोळशाच्या वाहतुकीविषयी निवेदन तयार करायचे असून त्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

कोकण रेल्वेच्या मुख्य मार्गावरील डिंगणीपासून जयगडपर्यंत रेल्वेमार्ग प्रस्तावित होता; तो न झाल्यामुळे बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालाचा भार मुख्यतः याच रस्त्यावर येतो. एका मालगाडीत सुमारे साडेतीन हजार टन कोळसा मावतो, आणि तेवढाच माल वीस-पंचवीस टनांच्या ट्रकने न्यायचा म्हटला तर दीडशेच्या आसपास खेपा होतात. शिवाय रस्त्याची झीज वाहनाच्या आसावरील (अ‍ॅक्सलवरील) भाराच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, असे रस्ते-अभियंते मानतात. म्हणजे भार दुप्पट झाला तर झीज सुमारे सोळापट होते, आणि थोडासा जादा भारही पुष्कळ महागात पडतो. (पावसाळ्यात साइडपट्टीचे काय होते, ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको.)

प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीच्या अटी कितपत पाळल्या याचा सहामाही अनुपालन अहवाल १ जून आणि १ डिसेंबरपर्यंत द्यावा लागतो, एवढे मला ठाऊक आहे. बंदरातील कोळसा रस्त्याने किती न्यायचा याची मर्यादा आणि ताडपत्रीची सक्ती या अटींत असते काय, आणि मंजुरीच्या वेळच्या मूळ वाहतूक अभ्यासाची प्रत माहिती अधिकारात नेमकी कोणाकडे मागावी? दिघी किंवा धरमतर बंदराच्या परिसरात कोणी असा पाठपुरावा केला असल्यास अर्जाचा मसुदा कृपया येथे द्यावा.