होडीतला दवाखाना: कोणी काम केलंय का? अनुभव लिहा

ओली_सुपारी:
रविवारी मुलांना घेऊन घारापुरीला गेले होते. लेणी बघून झाली, माकडाने लेकाच्या हातातलं कणीस पळवलं, रडारड झाली. परतताना लाँचमध्ये नेमकी इंजिनाशेजारी जागा मिळाली. डिझेल, गढूळ पाणी आणि कुणाच्या तरी डब्यातलं लिंबाचं लोणचं. त्या वासाने मी थेट दिब्रुगढला.

मी फार्मासिस्ट. लग्नाआधी, २०११ च्या ऑगस्टपासून चार महिने, ब्रह्मपुत्रेतल्या दवाखान्याच्या बोटीवर होते. नदीच्या पात्रात वाळूची बेटं आहेत. वरच्या आसामात त्यांना चापोरी म्हणतात, खाली धुबरीकडे चर. लाखो माणसं राहतात तिथे, आणि बऱ्याच ठिकाणी ना रस्ता ना आरोग्य केंद्र. २००५ साली दिब्रुगढला पहिली बोट सुरू झाली, तिचं नाव 'आखा', म्हणजे आशा. (आपला 'श' तिकडे 'ख' आणि 'ह' यांच्या मधे कुठेतरी घशात जातो. मला शेवटपर्यंत जमला नाही.) नंतर सरकारी आरोग्य मिशन सोबत आलं आणि बोटी वाढल्या.

आमच्या बोटीत डॉक्टर, सिस्टर, लॅबवाला, मी, सारंग (बोट चालवणारा), स्वयंपाकी. चार-पाच दिवस बाहेर, झोपही बोटीतच. नोव्हेंबरात पाणी उतरलं की बोट वाळूत रुतायची. मग सगळ्यांनी खाली उतरून ढकलायचं, डॉक्टरांनीसुद्धा.

डोक्यातून न गेलेली गोष्ट म्हणजे सिस्टरचं रजिस्टर. आम्ही तिला बाइदेउ म्हणायचो, म्हणजे ताई. भर पावसात एका मिसिंग (तिथली एक जमात) वस्तीवर अकरा बाळांना डीपीटी लसीचा पहिला डोस दिला. दुसऱ्या डोसला गेलो तर वस्तीच नाही. काठ कोसळून नदीत गेलेला. त्यांची घरं बांबूची, खांबांवर उभी, चांग घर म्हणतात. ती सोडवून, होडीत घालून लोक कुठल्यातरी दुसऱ्या वाळूवर गेलेले. मी रडकुंडीला आले. बाइदेउने शांतपणे रजिस्टर उघडलं. तेव्हा लक्षात आलं, तिच्या सगळ्या पानांवर डोस पेनाने लिहिलेले होते आणि पत्ते पेन्सिलीने.

मग दिवसभर दुधाच्या होड्यांना हाका मारत फिरलो. आइस पॅक वितळायच्या आत पोचायचं म्हणून सारंगाने काय बोट हाणली! नऊ सापडली. एका आईने बाळाचं कार्ड बांबूच्या नळीत घालून आढ्याला खोचलेलं होतं, पुरातही कोरडं.

तुमच्यापैकी कोणी गेलं असेल तर लिहा. बेटच पाहिजे असं नाही.

गवतीचहा:
काय लिहिलंयस गं. पेन्सिलीपाशी थांबले जरा. फोटो असतील तर टाक.

खेकडा_रस्सा:
कणीस काहीच नाही. आमच्या सासूबाईंचा चष्मा नेला होता घारापुरीच्या माकडाने. वर झाडावर बसून घालून बघत होतं.

गवतीचहा:
@खेकडा_रस्सा हहपुवा. नंबर जुळला का त्याचा?

दुधी_भोपळा:
धागा छान आहे. मी बीएएमएस. २०१४ मध्ये नंदुरबारला होतो. आमचं बेट नव्हे म्हणा, पण सरदार सरोवराच्या पाण्याने आपल्याकडची ३३ गावं बाधित झाली, त्यातल्या काही पाड्यांना होडीशिवाय वाटच उरली नाही. अक्कलकुवा-धडगावकडची ही कहाणी, मणिबेली वगैरे. नर्मदेवर तरंगता दवाखाना चालायचा. पावसाळ्यानंतर पाणी पार घराच्या पायरीपाशी आणि उन्हाळ्यात तेच पाणी खाली गेलं की गुडघाभर गाळाचा चढ. गरोदर बाई त्या गाळातून उतरून यायची आणि आम्ही तिला विचारायचो, "दम लागतो का?" काय प्रश्न!

एक आजोबा आठवतात. मी सांगितलं, गोळी दोन वेळा, जेवणानंतर. ते म्हणाले, आम्ही या दिवसांत एकदाच जेवतो, मग एकच घेऊ का? पावरी भाषेतून सोबतच्या पोराने मला हे सांगितलं तेव्हा तो पोरगाही माझ्याकडे बघत नव्हता. तेव्हापासून मी 'जेवणानंतर' हा शब्द जपून वापरतो. आता पुण्यात प्रॅक्टिस आहे, इथे तो शब्द ऐकून लोक मला डाएटचं विचारतात.

आणि होळीच्या आठवड्यात दवाखाना उघडायचाच नाही, अख्खा सातपुडा काठी गावच्या होळीला. आम्हीपण गेलो. (बॉसना सांगू नका.)

ओली_सुपारी:
@दुधी_भोपळा जेवणाचं वाचून गप्प झाले. आमच्याकडे लोहाच्या गोळ्यांचं असंच. शी काळी होते म्हणून बायका बंद करायच्या. बाइदेउ आधीच सांगून टाकायची, काळी झाली तर समजा गोळी पोटात पोचली.

निळी_छत्री:
मोबाईलवरून लिहितेय, चुका समजून घ्या. दूध उतू चाललंय.

मी डॉक्टर नाही, नर्स नाही, बँकेत आहे. २००९ च्या मे महिन्यात आयला वादळ आलं, त्यानंतर जूनमध्ये एका ग्रुपबरोबर सुंदरबनला गेले, गोसाबाच्या बाजूला. माझं काम खोकी उचलणे आणि केसपेपरवर नाव लिहिणे. बांध फुटून खारं पाणी शेतात आणि तळ्यात. प्यायला पाणी नाही, सगळीकडे मेलेल्या माशांचा वास.

बायका रांगेत. तक्रारी त्याच त्याच, अंगावर पांढरं जाणं, खाज, कातडी सोललेली. आमच्या डॉक्टरबाईंनी दहा जणींना स्वच्छतेवर लेक्चर दिलं. अकरावी हसली आणि नदीकडे बोट दाखवलं. तिथे बायका कमरेएवढ्या खाऱ्या पाण्यात जाळं ओढत होत्या. कोळंबीचं बी धरतात, 'मीन' म्हणतात त्याला. पाच-सहा तास रोज. डॉक्टरबाईंनी लेक्चर बंद केलं ते कायमचं.

राग येतो तो खोक्यांचा. निम्मी खोकी मुदत संपलेल्या कफ सिरपची निघाली. कुणी पाठवली ते लिहीत नाही, पण पाठवताना फोटो मात्र भरपूर काढले होते. आम्ही ते सगळं परत कोलकात्याला वाहून आणलं, नदीत टाकवेना.

खेकडा_रस्सा:
दूध गेलं का?

निळी_छत्री:
गेलं :( अर्धा लिटर. ओटा पुसतेय.

मण्यार_नको:
सुंदरबनचा विषय निघालाच आहे तर. तिकडे 'कालाच' म्हणतात तो आपला मण्यार. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, दुखत नाही, खूण दिसत नाही. सकाळी पोटात दुखतं, पापण्या जड होतात. लोक अॅसिडिटी समजतात, मग ओझाकडे (मांत्रिकाकडे) नेतात, आणि दवाखाना दोन नद्या पलीकडे. मी सर्पमित्र आहे, तिकडच्या शिबिरात गेलो होतो. दिवसभर एकच सांगितलं, मच्छरदाणी लावा आणि ती अंथरुणाखाली नीट खोचा. कोकणातल्या मंडळींनीही हे मनावर घ्या, पावसाळ्यात जमिनीवर झोपू नका.

गवतीचहा:
@मण्यार_नको बाबा आयडी बदला, संध्याकाळी वाचताना घाबरले.

स्पष्टवक्ता_६२:
सर्वांचे कौतुक आहे. पण एक विचारतो, रागावू नका. चार महिने, एक महिना, आठ दिवस. नंतर तुम्ही परत. त्या लोकांना काय उरतं? आठवणी तुम्हाला मिळतात.

ओली_सुपारी:
@स्पष्टवक्ता_६२ काका, रागावले नाही. बरोबर आहे तुमचं. मी गेले तेव्हा माझ्याजागी दुसरी मुलगी आली, तिला औषधाची कपाटं समजवायलाच चार दिवस गेले. बोट टिकली ती बाइदेउ आणि सारंगामुळे, ते तिथलेच. आम्ही बाहेरचे येऊन-जाऊन. मला उलट वाटतं की मी तिथे शिकाऊ होते आणि शिकवणारे फुकट शिकवत होते.

दुधी_भोपळा:
+१. आमचा तो दुभाष्या पोरगा पगाराविना होता पहिली सहा महिने. माझा पगार मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू होता. हे मी तेव्हा कुणाला बोललो नाही, आता इथे बोलतोय.

पुलाखालून:
मिस्टर फौजेत, आम्ही तीन वर्षं आसामात होतो. ब्रह्मपुत्रेवरचा बोगीबीलचा पूल २०१८ च्या डिसेंबरात सुरू झाला, जवळजवळ पाच किलोमीटरचा. आधी फेरीत गाडी चढवताना जीव मुठीत. पूल छानच झाला, पण चापोरीवाल्यांना काय, त्यांच्या डोक्यावरून गेला तो. बाकी वैद्यकीय अनुभव शून्य. मिसिंग बायकांनी विणलेली मेखला मात्र अजून नेसते, आणि आपोंग (तांदळाची बिअर हो!) एकदा चाखली. एकदाच म्हणतेय.

खेकडा_रस्सा:
एकदाच :))

नवखी_परिचारिका:
नमस्कार, मी सांगलीची, जीएनएम (नर्सिंग) शेवटचं वर्ष. हे सगळं वाचून जावंसं वाटतंय पण पोहता येत नाही. घरचे म्हणतात आधी नोकरी बघ. काय करू?

ओली_सुपारी:
@नवखी_परिचारिका मलाही येत नव्हतं, अजून येत नाही. लाइफ जॅकेट घालायचं आणि लाजायचं नाही. जायच्या आधी साल्टर काट्यावर बाळ तोलायचा सराव कर, झोळीत हालणाऱ्या बाळाचं वजन वाचता येणं ही कला आहे. लसीच्या बाटलीवरचा चौकोन वाचायला शीक, उष्णता लागली की तो गडद होत जातो: आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला की बाटली बाद. घरच्यांना सांग चार महिन्यांनी नोकरी कुठे पळत नाही. (माझ्या आईला हेच सांगितलं होतं, पळाली होती.)

निळी_छत्री:
सुपारी, एक राहिलंच. अकरातली नऊ सापडली म्हणालीस. बाकीची दोन?

ओली_सुपारी:
एक मामाकडे पलीकडच्या काठाला होता, पुढच्या फेरीत मिळाला, डोस उशिरा झाला पण झाला. दुसरी नाही. मी निघेपर्यंत तरी नाही. रजिस्टरात तिच्या नावापुढचा पत्ता बाइदेउने तीनदा खोडून लिहिला होता, कागद विरला होता तिथला. कुकरची तिसरी झाली, येते नंतर.

खेकडा_रस्सा:
चष्म्याचं राहिलं. मिळाला परत, काडी चावलेला. सासूबाई अजून तोच वापरतात, म्हणतात फ्रेम हलकी झाली.